सात पायऱ्यांची गोळी

"नाश्ता झाला की एक गोळी तिच्या हातात दे, आणि गप्प बस," ठकीची आई पायात चपला सरकवत म्हणाली. तिच्या बहिणीचं ऑपरेशन होतं. दहा दिवस तिकडे राहायचं होतं. गाडी खाली हॉर्न वाजवत होती.

"एवढंच?" बाबांनी विचारलं.

"एवढंच. त्यातलं दुसरं तुला जड जाईल."

जड जाणारच होतं, कारण बाबांचा धंदाच मुळी गप्प न बसण्याचा होता. ते प्रशिक्षक होते. कचेऱ्या आणि कारखाने त्यांना बोलावत, आणि कामावरून उठवून आणलेल्या चाळीस-पन्नास लोकांपुढे उभं राहून ते चांगल्या सवयी कशा लावाव्यात हे तीन तास सांगत. आजवर त्यांनी हजारो लोकांना पहाटे पाचला उठायला शिकवलं होतं. त्यांना स्वतःला मात्र आठ वाजता उठवायलाही बायको लागे. बायको चष्म्याच्या दुकानात लोकांची नजर तपासायची आणि घरी आल्यावर सहसा कुणाला काही शिकवायची नाही. त्यामुळे घर बरं चाललं होतं.

ठकी दहा वर्षांची होती. वर्षापूर्वी तिच्या मनात एकेक विचार अडकून बसायला लागला. दाराची कडी लागली का? नळ नीट बंद झाला का? ती जाऊन बघायची, परत यायची, पुन्हा जायची. तीस-तीस वेळा. हात धुऊन धुऊन सोलपटले, शाळा बुडायला लागली. शेवटी आईने तिला मुलांच्या मनाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरबाईंनी बोलण्याचे तास सुरू केले, रोज सकाळची एक गोळी लिहून दिली, आणि दोन गोष्टी बजावल्या: गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, आणि मुलीपासून लपवून कधीही द्यायची नाही. चार महिन्यांत कडी बघणं दोन वेळांवर आलं. आणि दोनदा तर आपण सगळेच बघतो.

गोळी घेणं म्हणजे त्या घरात दात घासण्याइतकी साधी गोष्ट झाली होती. आई गोळी हातावर ठेवायची, ठकी गिळायची, आई डबा भरायची. कुणी कुणाकडे बघतही नसे. बाबांना हे फार खटकायचं. इतकी महत्त्वाची क्रिया, आणि तिला काही पद्धत नाही, ध्येय नाही, तक्ता नाही!

गाडी कोपऱ्यावर वळली आणि बाबांनी स्केचपेनं काढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फ्रीजच्या दारावर एक तक्ता झळकत होता. वर लिहिलं होतं, 'माझी गोळी, माझा विजय'. खाली सात पायऱ्या. दीर्घ श्वास. आरशात बघून स्मित. 'मी करू शकते' असं तीनदा म्हणणे. गोळी हातात. गोळी पोटात. टाळ्या. आणि सातवी पायरी, त्या दिवसाच्या चौकोनात सोनेरी चांदणी चिकटवणे. 'सातवी पायरी झाल्याशिवाय दिवस पूर्ण होत नाही' हे लाल अक्षरांत.

"बाबा, मी काय करू शकते?" ठकीने विचारलं.

"गोळी घेऊ शकतेस!"

"ती तर मी रोजच घेते."

"घेतेस गं. पण आजपासून तू ती जाणीवपूर्वक घेणार."

ठकीने तळहातावरच्या गोळीकडे पाहिलं. चार महिन्यांत तिने गोळीकडे असं पहिल्यांदाच पाहिलं. पांढरी, शर्टाच्या गुंडीएवढी, मधोमध एक रेघ. आजवर तिला वाटायचं, ही एक साधी गोळी आहे. पण जी घेतल्यावर मोठा माणूस खुर्चीवरून उठून टाळ्या वाजवतो, ती साधी कशी असेल? तिने ती घेतली खरी, पण दिवसभर पोटाकडे लक्ष ठेवून होती.

संध्याकाळी आईचा फोन आला.

"घेतली?"

"घेतली म्हणजे? सात पायऱ्यांनी घेतली!"

"कसल्या पायऱ्या?"

"तू तिकडची काळजी घे गं. इकडे सगळं झकास आहे."

दुसरा दिवसही पायऱ्या चढून पार पडला. तिसऱ्या दिवशी घोटाळा झाला. ठकी नाश्ता करून फ्रीजपाशी गेली आणि तिथेच थबकली. कालची चांदणी किंचित तिरकी लागली होती. एक टोक चौकोनाच्या रेघेबाहेर आलं होतं. कुणालाही न दिसणारी गोष्ट, पण ठकीला नेमक्या अशाच गोष्टी दिसायच्या. तिच्या दुखण्याचं मूळच ते होतं. सवयींच्या तज्ज्ञाने तिच्यासाठी रेघांचा, चौकोनांचा आणि चिकटवायच्या चांदण्यांचा तक्ता बनवला होता. पाय मोडलेल्या माणसाला कौतुकाने दोरीवरच्या उड्या भेट द्याव्यात, तसं.

ठकीने चांदणी उचकटली, पुन्हा लावली. पुन्हा तिरकी. पुन्हा उचकटली. कागद फाटला.

"ठके, ते राहू दे. आधी गोळी घे."

"कशी घेऊ? कालचा दिवसच पूर्ण झाला नाहीये."

"अगं, काल संपला काल!"

"नाही संपला. तूच लिहिलंयस. लाल पेनने."

बाबांनी लाल अक्षरांकडे बघितलं. त्यांचं लिहिलेलं इतक्या मनापासून पाळणारं माणूस त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच भेटलं होतं. पस्तीस मिनिटांनी शाळेची बस हॉर्न देऊन निघून गेली. चांदणी लागली नाही, गोळी ओट्यावरच राहिली. बाबांनी वैतागून तक्ता फाडला, तेव्हा ठकीने असा काही चेहरा केला, की जणू त्यांनी सगळा आठवडाच फाडला.

दुपारी आत्या आली. बाबांची थोरली बहीण, दोन गल्ल्या पलीकडे राहायची आणि कुणाकडे काही बिनसलं की बोलावण्याआधी पोचायची.

"मी तर पहिल्यापासून म्हणतेय," ती सोफ्यावर ऐसपैस बसत म्हणाली, "एवढ्याशा पोरीला कसली आलीयेत मनाची औषधं? आमच्या वेळी मुलांना मनंच नव्हती." मग तिने पर्समधून आपला डबा काढला आणि प्रेशरची, पित्ताची, गुडघ्यांची आणि झोपेची अशा चार गोळ्या वेगवेगळ्या कप्प्यांत नीट आहेत ना, हे बघून घेतलं.

"ताई, ती घेतच नाहीये आता. चार महिने सुरळीत चाललं होतं."

"मग सांगतोस कशाला तिला? जॅममध्ये घाल, ब्रेडला लाव, खाऊन टाकेल. आमच्या कुत्र्याला आम्ही असंच द्यायचो."

लपवून देऊ नका, हे डॉक्टरबाईंनी बजावलेलं बाबांना आठवलं. पण डॉक्टरबाईंनी कुठे कधी पन्नास लोकांची कार्यशाळा घेतली होती? त्यांनी आत्याचं ऐकलं. कुत्र्याचा अनुभव, झालं तरी, अनुभवच होता.

चौथ्या दिवशी सकाळी ठकीपुढे जॅम लावलेला ब्रेड आला. बाबा कधी नव्हे ते पेपरात डोकं खुपसून बसले होते, आणि पेपर उलटा होता. ठकीने ब्रेडचा वरचा तुकडा उचलला. ती प्रत्येक गोष्ट खाण्याआधी उघडून बघायची, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त सवयींच्या तज्ज्ञाला सोडून.

तिने चमच्याने काहीतरी टोकरून ताटलीच्या कडेला ठेवलं.

"बाबा, हे काय आहे?"

"बी असेल गं."

"जॅम स्ट्रॉबेरीचा आहे."

"मग स्ट्रॉबेरीची बी."

"स्ट्रॉबेरीच्या बीवर मधोमध रेघ असते?"

बाबा गप्प बसले. बायकोने सांगितल्याप्रमाणे, पण चार दिवस उशिरा.

ठकी रडली नाही की ओरडली नाही. उठली, हात धुतले, बराच वेळ धुतले, आणि दप्तर घेऊन उपाशी शाळेत गेली. त्या दिवसापासून तिने जॅम सोडला. मग ब्रेड सोडला, कारण जॅम नाही तर ब्रेडमध्ये घालतील. मग दूध, कारण त्यात विरघळवतील. बाबांच्या हातून येणारं सगळंच सोडलं. पाचव्या दिवशी ती दोनच गोष्टी खात होती, स्वतः सोललेली उकडलेली अंडी आणि स्वतः सोललेली केळी. कोंबडीने आणि झाडाने बंद करून दिलेल्या मालावर तिचा अजून भरवसा होता. तरी केळं ती आधी दिव्यासमोर फिरवून भोक शोधायची.

"हे बघ," बाबा काकुळतीला येऊन म्हणाले, "ही गोळी. उघडी, समोर. जॅम नाही, काही नाही. घे ना, बेटा."

"ही तीच कशावरून? तू आधीच काढून ठेवलीयेस."

"मी तुला खोटं सांगेन का?"

ठकीने या प्रश्नाचं उत्तर दिलं नाही. ती तशी सभ्य मुलगी होती.

त्याच दुपारी वर्गशिक्षिकेने सगळ्याच पालकांना फोन केले; अफवा कुठून निघाली, ते शाळेला कळलं नव्हतं. ठकीने बाकावरच्या मैत्रिणीला फक्त एवढंच सांगितलं होतं, की मोठी माणसं जॅममध्ये गोळ्या लपवतात. मैत्रिणीने ते पुढच्या बाकाला सांगितलं. मधल्या सुट्टीत अकरा मुलांनी डबे उघडून ब्रेडची पानं वेगवेगळी केली. एकाला खरोखरच बी सापडली, आणि त्याने असा काही टाहो फोडला की शेजारचा वर्ग बाहेर आला. संध्याकाळपर्यंत पालकांचा ग्रुप पेटला होता. 'शाळेच्या खानावळीत मुलांना गोळ्या देतात म्हणे!' 'कसल्या?' 'शांत बसायच्या.' 'मग आमचा का बसत नाही?' एका वडिलांनी घरातली जॅमची बाटली तपासायला पाठवायची तयारी दाखवली. तपासायला कुठे पाठवायची, हे त्यांना माहीत नव्हतं, पण ते संतापलेले होते आणि बाटली हातात होती.

मग मुख्याध्यापिकांचा फोन. बाबांना वाटलं, आता आपली धडगत नाही.

"सर, नशीब की तुमचं व्याख्यान शनिवारीच ठेवलंय," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "'मुलांना सवयी लावताना'. त्यात हा जॅमचा विषयही घ्या ना. कोण मूर्ख पालक असा उद्योग करतो, देव जाणे."

"अगदी," बाबा म्हणाले. "काही लोकांना कळतच नाही."

रात्री आईने विचारलं तेव्हा त्यांनी पुन्हा 'झकास' म्हटलं.

सहाव्या दिवशी ते दुपारीच घरी आले. जिन्यातच त्यांना आवाज ऐकू आला. खट. थोडा वेळ शांत. खट. दार बंद होतं. ठकी पाठीवर दप्तर तसंच ठेवून दाराबाहेर उभी होती आणि बाहेरची कडी लावत होती, काढत होती. ओठ हलत होते. सतरा. अठरा. एकोणीस. गालांवरून पाणी वाहत होतं, पण ते पुसायला हात मोकळा नव्हता.

"ठके."

"बाबा, मला माहितीये ती लागलीये," ती म्हणाली. "पण हात ऐकत नाहीये."

बाबांनी पंधरा वर्षांत जेवढ्या पायऱ्या लोकांना सांगितल्या होत्या, त्यातली एकही त्यांना आठवली नाही. ते तिथेच दारात फरशीवर बसले, बुटांसकट. ठकी आणखी चार वेळा कडीशी झगडली आणि मग तीही बसली. मग बाबांनी डॉक्टरबाईंना फोन लावला.

"किती दिवस गोळी चुकली?" डॉक्टरबाईंनी दवाखान्यात पहिल्यांदा हेच विचारलं.

"चार."

"आणि मला फोन आज?"

"मला वाटलं, विषय सवयीचा आहे. सवय तर माझं क्षेत्र आहे." बाबांनी घसा साफ केला. "राहिलेल्या चार आज एकदम दिल्या तर? म्हणजे कोटा पूर्ण होईल."

डॉक्टरबाईंनी चष्मा काढला, बाबांकडे बघितलं, परत घातला. "अजिबात नाही. पुढे कसं सुरू करायचं, ते मी लिहून देते. तेवढंच करायचं. गोळ्या म्हणजे पिक्चरची चुकलेली रिळं नाहीत, सगळी एकदम लावायला. आता तुम्ही जरा बाहेर बसा."

"मी आत थांबलो असतो तर तिला धीर..."

"बाहेर."

बाबा बाहेर बसले. माईक नसलेल्या जागी बसायची त्यांना सवय नव्हती. दार नीट लागलं नव्हतं, त्यामुळे आतलं ऐकू येत होतं. उठून ते लावावं हा विचार त्यांच्या मनात आला, पण त्यांनी त्याला थारा दिला नाही.

"गोळी नकोशी झाली का गं?" डॉक्टरबाई विचारत होत्या.

"नाही."

"त्रास होतो? पोटात, डोक्यात?"

"नाही. गोळी चांगली आहे. घेतली की कडी दोनदाच बघावी लागते."

"मग घेत का नाहीस?"

"गोळीवर माझा विश्वास आहे," ठकी म्हणाली. "बाबावर नाहीये."

बाहेरच्या खुर्चीत बाबांनी मान खाली घातली. भिंतीवर मुलांच्या हसऱ्या चेहऱ्यांचं एक चित्र होतं. त्यातले सगळे आपल्यालाच हसतायत असं त्यांना वाटलं, आणि या एका बाबतीत त्यांचा अंदाज बरोबर असावा.

"मग काय केलं तर जमेल?"

ठकीने विचार केला. "पाकीट माझ्यासमोर आणायचं. बंद. चंदेरी कागद मी बघणार आणि गोळी मीच काढणार."

"चालेल. पाकीट मात्र मोठ्यांनीच जपून ठेवायचं, वेळेला तुझ्यापुढे आणायचं. कागद किती वेळा बघणार?"

"पाच."

"एकदा."

"तीन."

"एकदा. दुसऱ्यांदा बघावंसं वाटलं की हात मांडीवर ठेवायचे आणि दहा आकडे मोजायचे, आपण तासाला करतो तसे. तरी जमलं नाही तर मला फोन. बाबांनी नाही, तू करायचास."

"बरं. आणि टाळ्या नाहीत."

"कसल्या टाळ्या?" डॉक्टरबाईंनी विचारलं. मग ठकीने पहिल्यापासून सगळं सांगितलं. आरसा, स्मित, चांदणी, जॅम. डॉक्टरबाई मधेच एकदा जोरात खोकल्या. तो खोकला नव्हता, हे बाबांना दाराबाहेरही कळलं.

निघताना त्या बाबांना म्हणाल्या, "तिच्या आईला आज तुम्ही सांगताय की मी सांगू?"

बाबांनीच सांगितलं. आईने सगळं ऐकून घेतलं. मग आई म्हणाली, "ठकीला दे." मायलेकी वीस मिनिटं बोलल्या. फोन परत बाबांकडे आला तेव्हा तो बंद होता.

सातव्या दिवशी, शुक्रवारी, नाश्ता झाल्यावर बाबांनी बंद पाकीट टेबलावर ठेवलं. ठकीने चंदेरी कागद एकदा बघितला. तिची नजर परत तिकडे गेली, तसे तिने हात मांडीवर दाबले आणि मनात आकडे मोजले. मग गोळी बाहेर काढली आणि घेतली. बाबांचे तळवे आपोआप एकमेकांजवळ येऊ लागले. त्यांनी ते वेळीच ओळखून दोन्ही हात खिशांत कोंबले. चेहरा लालबुंद झाला, पण ते बोलले नाहीत. सगळं मिळून अर्धं मिनिट लागलं असेल. त्यांच्या व्याख्यानात नुसती प्रस्तावना चाळीस मिनिटांची असायची.

आता इतकं झाल्यावर एखाद्या माणसाने शनिवारचं व्याख्यान रद्द केलं असतं. पण एखादा माणूस आणि प्रशिक्षक यांत फरक असतो.

"ठके," त्यांनी सकाळी विचारलं, "तुझं उदाहरण दिलं तर चालेल का गं? गोळीचं?"

ठकीने विचार केला. "दे. त्यात लाजायचं काय आहे? पण खरं सांग."

शाळेचा हॉल गच्च भरला होता. जॅमच्या भानगडीमुळे एरवी न फिरकणारे पालकही आले होते. बाबांनी माईक हातात घेतला आणि आठवडाभरात कोमेजलेला माणूस टवटवीत झाला. विषय होता, विश्वासाचे चार खांब. हे खांब शुक्रवारी दुपारी उभारलेले होते आणि त्यांचं सिमेंट अजून ओलं होतं, पण ते लांबून कुणाला दिसलं नाही.

"माझी मुलगी रोज मनाच्या आजारासाठी गोळी घेते," बाबा म्हणाले, "आणि मला त्याचा अभिमान आहे!" इथवर खरं होतं. "मी पहिल्या दिवसापासून ठरवलं, की सूत्रं तिच्या हातात द्यायची. पाकीट तिने उघडायचं. गोळी तिने काढायची. पालकाने काय करायचं? गप्प बसायचं!" हे ते पुढची पंचवीस मिनिटं समजावून सांगत राहिले. टाळ्यांचा कडकडाट झाला.

प्रश्नोत्तरांत मागून एक बाई उभ्या राहिल्या. "सर, ते जॅममध्ये गोळी घालणारे पालक कोण, कळलं का?"

हॉलमध्ये कुजबुज झाली. तिसऱ्या रांगेत ठकी ताठ बसली होती. बाबांनी तिच्याकडे बघितलं नाही. त्यांनी पाण्याचा घोट घेतला, चेहरा गंभीर केला.

"नाव महत्त्वाचं नाही," ते म्हणाले. "असे पालक असतात. त्यांच्यावर रागावू नका. त्यांची कीव करा."

ठकीने तोंड उघडलं. मग मिटलं. तिने खरोखरच त्यांची कीव केली असावी.

कार्यक्रम संपला. मुख्याध्यापिकांनी बाबांना पुष्पगुच्छ दिला, पालक त्यांच्याभोवती जमले, आणि बाबा त्यांना वेळेअभावी राहून गेलेला पाचवा खांब सांगू लागले. ठकी दप्तर सावरत दाराशी उभी होती. तेवढ्यात गर्दीतून एक बाई तिच्याजवळ आल्या. मागे त्यांची मुलगी होती, ठकीपेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठी, हात घट्ट बांधून दुसरीकडे बघणारी.

"तूच ना गं ती?" बाई इकडेतिकडे बघत हळूच म्हणाल्या. "हिलाही दिलीये डॉक्टरांनी. दोन महिने झाले, रोज सकाळी रडारड, आदळआपट. घरात सगळ्यांना टेन्शन. तू कशी घेतेस गं? मला नीट सांग, मी लिहून घेते." त्यांनी खरंच पेन काढलं.

"पाण्याबरोबर घेते," ठकी म्हणाली.

बाई पेन धरून थांबल्या. मोठ्या मुलीने पहिल्यांदाच मान वळवून ठकीकडे पाहिलं.

"आणि मग?" तिने विचारलं.

"मग शाळेत येते."